जुन्या खेळयंत्राचें कुलूप

कुलूप ही वस्तु आपल्या इतक्या नित्य परिचयाची आहे कीं, तिच्या अंतरंगाचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. किल्ली हरवली म्हणजे मात्र तिची आठवण होते, आणि मग हातोड्याचा शोध सुरू होतो. नाणें टाकून खेळावयाच्या जुन्या यंत्राचें कुलूप फोडल्यास लाभापेक्षां हानीच अधिक होते. तें न फोडतां कसें बदलावें, हें या पाठांत पाहूं.

पडद्यावरील खेळांचीं हीं यंत्रें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंत व जपानांत फार पसरलीं. अटारी या अमेरिकन कंपनीनें १९७२ सालीं ‘पाँग’ नांवाचें यंत्र कॅलिफोर्नियांतील सनीव्हेल येथल्या एका पानगृहांत ठेविलें. थोड्याच दिवसांत तें बंद पडल्याची तक्रार आली. तें तयार करणारे अभियंते ॲलन आल्कॉर्न यांनीं जाऊन पाहिलें, तों दोष विजेच्या जोडणींत नव्हताच. नाणीं सांठविण्याचें भांडें ओसंडून गेलें होतें! पुढें १९७८ सालीं टाइटो कंपनीचें ‘स्पेस इन्व्हेडर्स’ व १९८० सालीं नाम्को कंपनीचें ‘पॅकमॅन’ हीं जपानी यंत्रें निघालीं.

जेथें इतकीं नाणीं सांठतात तेथें कुलूप हवेंच. शिवाय यंत्र एकाचें, जागा दुसऱ्याची, आणि मिळकत दोघांनीं वांटून घ्यावयाची, अशी पुष्कळ ठिकाणीं रीत होती. म्हणून अनेक यंत्रांस दोन दारें असत. अडकलेलें नाणें वरच्या दारांतून काढतां येई. गल्ला खालच्या दारामागें असे. दोहोंचीं कुलुपें निराळीं ठेविल्यास दुरुस्ती करणाऱ्याच्या हातीं गल्ल्याची किल्ली जात नसे. आंत एक लहान गणकही असे. दर नाण्यामागें त्याचा आंकडा एकानें वाढे. अशा रीतीनें कुलूप व गणक हे दोघे मुके साक्षीदार भागीदारांतील विश्वास राखीत.

आतां कुलुपाची रचना पाहूं. त्याचें बाहेरचें अंग म्हणजे आटे पाडलेलें एक नळकांडें. तें दाराच्या भोंकांत घालून मागून नटानें आवळतात. त्याच्या बाजू सपाट केलेल्या असतात व भोंकही त्याच आकाराचें असतें. म्हणून तें जागच्या जागीं फिरत नाहीं. नळकांड्याच्या आंत एक फिरता गाभा व गाभ्याच्या टोंकाला धातूची जीभ असते. किल्ली फिरविली कीं जीभ चौकटीमागून सरते आणि दार मोकळें होतें.

गाभ्याला अडवितें कोण? अमेरिकेंतील धाकटे लायनस येल यांनीं १८६१ व १८६५ सालीं ज्या कुलुपाचीं पेटंटें घेतलीं, त्यांत याचें उत्तर आहे. मूळ कल्पना प्राचीन मिसर देशांतील लांकडी कुलुपांतही होती. गाभा व नळकांडें यांच्या सांध्यावर बारीक खिळ्यांची रांग असते. प्रत्येक खिळीचे दोन तुकडे असून वरून स्प्रिंग त्यांना दाबून धरते. योग्य किल्ली घातली म्हणजे प्रत्येक खिळीचा जोड नेमका सांध्यावर येतो व गाभा फिरतो. एकच खिळी थोडी वर किंवा खालीं राहिली, तर तो अडतो. खेळयंत्रांवर पुष्कळदां नळीच्या आकाराच्या किल्लीचें कुलूप असतें. त्यांत खिळ्या, बहुधा सात, वर्तुळांत मांडलेल्या असतात व किल्ली त्यांस आंत ढकलते, तत्त्व तेंच.

किल्ली हरवल्यावर पहारेनें दार उचकटलें तर पत्रा वांकतो, रंग उडतो, आणि मूळचें दार पुन्हां मिळणें कठीण. गिरमिटानें कुलूप पोखरलें तर धातूचा कीस आंतील विजेच्या पाटीवर पडून ती निकामी होऊं शकते. म्हणून प्रथम कुलुपाच्या तोंडावर अंक कोरलेला आहे काय तें पाहावें. त्यावरून कधीं कधीं किल्ली करून मिळते. तसें न झाल्यास यंत्र आपलें असल्याची खात्री पटवून जाणत्या कारागिराकडून तें उघडवावें. काम करण्यापूर्वीं विजेची तार काढावी. तरीही चित्रनलिकेंत भारी दाबाची वीज शिल्लक राहूं शकते. तिला मुलांनीं कदापि हात लावूं नये.

नट सोडला कीं कुलूप हातांत येतें. सरळ किल्लीच्या कुलुपांत जीभ काढून, गाभा किंचित् फिरवून, त्याच जाडीच्या लांकडी दांड्यानें तो बाहेर ढकलतात. दांडा मागोमाग आंत गेल्यामुळें वरच्या खिळ्या व स्प्रिंगा उडून जात नाहींत. मग गाभ्यांत नवी किल्ली घालून, ज्यांचे माथे गाभ्याच्या पृष्ठाशीं समपातळींत येतील अशाच लांबीच्या खालच्या खिळ्या बसवितात व गाभा परत सारतात. जीभ चौकटीस घासत असेल, तर कानस जिभेवर चालवावी, चौकटीवर नव्हे. कारण जीभ दुसरी मिळेल, दार मिळणार नाहीं. काढलेले जुने भाग पुडींत बांधून यंत्रांतच ठेवावे, म्हणजे पुढच्या मालकास मूळ रूप कळेल.

इतकें केल्यावर कुलूप बाहेरून पूर्वीसारखेंच दिसतें. पण हरवलेली किल्ली कोणाच्या हातीं लागली असली तरी तिचा आतां उपयोग नाहीं. चार दोन पितळी खिळ्या बदलल्यानें यंत्र अभंग राहिलें व मालकाची चिंताही मिटली. विद्यार्थ्यांनीं ही विद्या अवश्य समजून घ्यावी. मात्र दुसऱ्याच्या कुलुपास हात लावण्यापूर्वीं त्याची अनुज्ञा घ्यावी. विश्वास राखण्यासाठीं जी वस्तु निर्माण झाली, तिचें ज्ञान विश्वासघाताच्या कामीं येऊं नये.