‘मिळून आला नाही’

प्रश्न : मॅडम, ठाण्याला माझा छोटा गाळा होता. एका पुरवठादाराला दिलेला दोन लाखांचा चेक परत गेला, पुढे धंदाच बंद करावा लागला आणि मी तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावी आलो. गेल्या आठवड्यात आमच्या तालुक्याच्या पोलीस ठाण्यातले हवालदार घरी आले. ठाण्याच्या कोर्टाचं माझ्यावर पकड वॉरंट आहे, असं आईला सांगून गेले. मी शेतात होतो. संध्याकाळी त्यांचा फोन आला, ‘या खेपेला मिळून आला नाही असं लिहून पाठवतो, काळजी करू नका.’ मला आजवर एकही समन्स मिळालेलं नाही. रात्री गाडीचा आवाज आला तरी उठून बसतो. पोलिसांना सांगून वॉरंट थांबवता येईल का?

उत्तर : हवालदारांचे आभार मानायची घाई करू नका. त्यांनी सद्‌भावनेनं केलं असेल, पण तुमचं यापेक्षा मोठं नुकसान दुसऱ्या कुणी करू शकलं नसतं.

त्या अहवालातलं वाक्य वर्षानुवर्षं तेच आहे : ‘सदर इसमाचा दिलेल्या पत्त्यावर शोध घेतला असता तो मिळून आला नाही.’ खाली तारीख, बक्कल नंबर, कधी शेजाऱ्याचा जबाब. ठाण्याला न्यायाधीशांच्या टेबलावर हा कागद पोचतो तेव्हा त्यात तुमची आई नसते, शेत नसतं आणि फोनवरचं बोलणंही नसतं. त्यांना एवढंच दिसतं की माणूस पोलिसांना चुकवतो आहे. असे दोन-तीन अहवाल जमले की माणूस फरार आहे किंवा लपून राहतो आहे, असं मानायला न्यायालयाला आधार मिळतो. मग भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ८४ खाली जाहीरनामा निघतो. तो गावात चारचौघांसमोर वाचून दाखवतात, घराच्या दर्शनी भागावर चिकटवतात आणि हजर राहायला किमान ३० दिवस देतात. पुढचं कलम ८५ मालमत्ता जप्तीचं आहे. जाहीरनाम्यानंतरही हजर न राहणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०९ खाली स्वतंत्र गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. चेक न वटण्याच्या गुन्ह्याला जास्तीत जास्त दोन वर्षं. म्हणजे मूळ गुन्ह्यापेक्षा लपणं महाग पडतं, आणि तुम्ही तर लपलेलाही नाही!

‘पोलिसांना सांगून’ यातलं काहीच थांबत नाही. कलम ७२ म्हणतं की वॉरंट एकदा निघालं की त्याची अंमलबजावणी होईपर्यंत किंवा ते काढणारं न्यायालय रद्द करीपर्यंत जिवंत राहतं. ते रद्द करण्याचा अधिकार हवालदारांना नाही, निरीक्षकांना नाही आणि अधीक्षकांनाही नाही.

पकड वॉरंट म्हणजे अजामीनपात्र वॉरंट. आता या ‘अजामीनपात्र’ शब्दाबद्दल, कारण निम्मी भीती त्यानंच घातलेली असते. तुमच्यावरचा गुन्हा जामीनपात्रच आहे. शब्दाचा अर्थ इतकाच, की पोलीस तुम्हाला ठाण्यातूनच जामिनावर सोडू शकत नाहीत, न्यायालयापुढे न्यावं लागतं. आधी समन्स, मग जामीनपात्र वॉरंट आणि तरीही माणूस आला नाही तर अजामीनपात्र, हा क्रम सर्वोच्च न्यायालयानं २००७ साली स्पष्ट केला आहे. तुमचं समन्स बहुधा त्या बंद गाळ्याच्या शटरपर्यंत जाऊन परत आलं. चेक परत गेल्यावर माणसं पत्ता बदलतात, पण कोर्टाला किंवा समोरच्या पार्टीला कळवत नाहीत. माझ्याकडे येणाऱ्या वॉरंटांपैकी निम्म्यांची गोष्ट हीच असते.

मग इतके दिवस शांतता आणि आताच हवालदार कसे उगवले? प्रत्येक पोलीस ठाण्यात समन्स-वॉरंटची एक नोंदवही असते. एका ठाण्यात ती मला उघडलेली पाहायला मिळाली होती : कापडी बांधणीची लांबट वही, एका ओळीत एक माणूस, आणि शेवटच्या ‘बजावणी’च्या रकान्यात पानामागून पान पेन्सिलीच्या बारीक टिपणांनी भरलेलं. ‘पुण्यास गेला’, ‘घर बंद’, ‘मयत, दाखला जोडणे’. ती वही सांभाळणारे एकच हवालदार. त्यांनाच बंदोबस्त, त्यांनाच कोर्टाची ने-आण. त्यामुळे वॉरंट महिनोन्‌महिने पडून राहतं. मग मासिक गुन्हे बैठकीत साहेब प्रलंबित आकडा विचारतात, किंवा निवडणूक लागते. निवडणुकीच्या काळात बजावणी न झालेल्या अजामीनपात्र वॉरंटांचा हिशेब निवडणूक आयोगालाच द्यावा लागतो. अशी वेळ आली की एका रात्रीत पथकं निघतात आणि पहाटे पाच वाजता दारावर थाप पडते. खुनाच्या गुन्ह्यातला पाहिजे आरोपी सापडायला अवघड असतो. चेकचा आरोपी घरी झोपलेला असतो, आणि आकड्यात दोघांची किंमत एकच. (हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, मनुष्यबळाचा हिशेबच तसा आहे.)

समजा तशी थाप पडलीच. वॉरंट भारतात कुठंही बजावता येतं, त्यामुळे ‘ठाण्याचं वॉरंट तासगावला कसं’ हा वाद घालू नका. वॉरंट कशाबद्दल आहे ते सांगणं आणि मागितलं तर दाखवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. वॉरंट काढणारं न्यायालय ३० किलोमीटरच्या आत नसेल, तर साधारणपणे तुम्हाला तिथल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे किंवा जिल्हा पोलीस अधीक्षकांपुढे हजर करतात. प्रवासाचा वेळ सोडून यासाठी २४ तासांची मर्यादा आहे. आणि वकिलाला आवर्जून सांगा, गुन्हा जामीनपात्र असेल आणि तुम्ही जामीन द्यायला तयार असाल, तर त्यांनी जामीन घेऊन जातमुचलका ठाण्याच्या कोर्टाकडे पाठवायचा असतो. कलम ८३ तसंच सांगतं. सुट्टीच्या दिवशीही एक न्यायदंडाधिकारी कामावर असतात, पण तुमची मूळ फाइल त्यांच्यापुढे नसते, आणि अशा वेळी जामीनदाराचा सातबारा आणि घरपट्टीची पावती शोधायला घरच्यांची धावपळ होते.

हे सगळं टाळायचं तर स्वतः ठाण्याला जा. ई-कोर्ट्स ॲपवर नाव टाकून खटला शोधा, सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक लिहून घ्या आणि पुढची तारीख पाहा. तारखेची वाट पाहायचीच असं नाही, वकील आधीही फाइल बोर्डावर घेण्याचा अर्ज करू शकतात. कामाचा दिवस निवडा, शुक्रवारची दुपार नको. वॉरंट रद्द करण्याच्या अर्जावर न्यायालयाला बहुतेक वेळा आरोपी समोर हवा असतो, म्हणून नुसता वकील पाठवून भागेल असं धरून चालू नका. गाळा सोडल्याचा कागद, सध्याच्या पत्त्याचं आधार आणि समन्स जुन्या पत्त्यावरून परत आल्याची फाइलमधली नोंद दाखवा. जामीनदार सोबत न्या. न्यायालय थोडा खर्च बसवेल, जातमुचलका लिहून घेईल, कदाचित दोन शब्द सुनावेल. ऐकून घ्या. आपणहून आलेल्या माणसाकडे बघायची न्यायाधीशांची नजर वेगळी असते, हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की यावर वाद घालणार नाही.

समोरच्या पार्टीशी तडजोड झाली तरी वॉरंट आपोआप रद्द होत नाही. पैसे दिले, पावती घेतली, घरी गेले आणि वर्षभरानं पकडले गेले, असे लोक आहेत. तडजोडीचा अर्ज आणि वॉरंट रद्दचा आदेश, दोन्ही फाइलमध्ये लागायला हवेत.

आदेश झाला की लगेच त्याची प्रमाणित प्रत घ्या आणि तुमच्या पोलीस ठाण्यात देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. मुंबईत १५ ऑगस्ट २००२ रोजी एका वकिलालाच अजामीनपात्र वॉरंटवर अटक झाली होती, आणि ते वॉरंट त्याआधीच रद्द झालेलं होतं. रद्दचा आदेश पोलिसांच्या कागदांपर्यंत पोचलाच नव्हता. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०११ च्या निकालात बारीक सूचना आल्या : वॉरंटचे छापील, क्रमांक घातलेले नमुने वापरा, न्यायालयात आणि पोलीस ठाण्यात नोंदवही ठेवा, प्रत्येक वॉरंट विशिष्ट अधिकाऱ्याकडे सोपवा, आणि रद्द झालं तर ते बजावणी न करता परत मागवून आदेशाची प्रत आरोपीलाही द्या. या शेवटच्या सूचनेवर बोट ठेवून प्रत मागा.

प्रश्न : माझ्या धाकट्या मुलावर मारामारीच्या खटल्यात वॉरंट आहे. तो कुठं आहे ते आम्हाला खरंच माहीत नाही. पोलीस दर पंधरा दिवसांनी येतात आणि ‘पोरगा आणा, नाहीतर तुम्हाला नेतो’ म्हणतात. मी ६७ वर्षांचा आहे. पत्नीला बीपी आहे. — एक वाचक, जालना

उत्तर : मुलाच्या वॉरंटवर वडिलांना अटक होत नाही. वॉरंट ज्याच्या नावाचं त्याचंच. तुम्हाला साक्षीदार म्हणून विचारायचं असेल तर साठीपुढच्या पुरुषाला किंवा कोणत्याही स्त्रीला पोलीस ठाण्यात बोलावता येत नाही, विचारपूस राहत्या घरीच करायची असते. हे कलम १७९ त्यांच्यासमोर शांतपणे म्हणा. पुन्हा धमकी आली तर तारीख-वेळ लिहून पोलीस अधीक्षकांकडे अर्ज द्या.

मात्र दार अडवू नका. मुलगा आत आहे असं मानायला कारण असेल, तर अटकेचं वॉरंट हातात असताना पोलिसांना घर तपासता येतं आणि तुम्ही वाट द्यायची असते. आणि तो खरंच आला तर त्याला जेवू घालून मागच्या दारानं पाठवू नका. ज्याच्या अटकेचा आदेश आहे हे माहीत असताना त्याला आसरा देणं हा न्याय संहितेच्या कलम २५३ खाली गुन्हा आहे. यातून कायद्यानं फक्त पती किंवा पत्नीला वगळलं आहे, आईला नाही. हे लिहिणाऱ्यांच्या घरी आया नसाव्यात.

प्रश्न : भाचा अमेरिकेत टेक्ससमध्ये नोकरीला आहे. एका भांडणानंतर त्याच्यावर ‘फेलनी’ची केस झाली, कोर्टाची तारीख चुकली आणि वॉरंट निघालं. चार महिने झाले, कुणी शोधायला आलेलं नाही. बहीण म्हणते, गुपचूप भारतात निघून ये. — एक वाचक, पुणे

उत्तर : बहिणीला आधी थांबवा. फेलनी म्हणजे साधारणपणे एक वर्षाहून जास्त कैद होऊ शकेल असा गुन्हा. तिथंही स्थानिक पोलीस किंवा शेरिफ रोज दारोदार फिरत नाहीत. हिंसक गुन्ह्यांतल्या फरारांवर खास पथकं लागतात, बाकीची वॉरंटं संगणकात पडून राहतात. पण तो संगणक आपल्या कापडी वहीसारखा एका ठाण्यापुरता नाही. एफबीआयची एनसीआयसी ही यंत्रणा १९६७ पासून चालते आणि तिच्यात नोंद झालेलं वॉरंट देशभरातल्या गस्तीच्या गाडीत दिसतं. मागचा दिवा बंद आहे म्हणून गाडी थांबवली, लायसन्स तपासलं, स्क्रीनवर वॉरंट आलं आणि तिथंच हातकड्या पडल्या, असं तिथं नेहमी घडतं. पकडणारे पोलीस मग वॉरंट काढणाऱ्या काउंटीला विचारतात, वॉरंट अजून चालू आहे का आणि माणसाला न्यायला येणार का. दुसऱ्या राज्यातून आणायचं की नाही हे ती काउंटी गुन्ह्याचं वजन आणि खर्च बघून ठरवते, आणि फेलनीत बहुतेकदा ‘हो’ म्हणते. चार महिन्यांची शांतता म्हणजे विसर पडलाय असं समजू नका. भारतात आला तरी वॉरंट तिथं उभंच राहील आणि पुढं कधी तो परत गेला तर विमानतळावरच नाव पुढं येईल.

त्याच काउंटीत काम करणारा फौजदारी वकील त्यानं आजच गाठावा. वकील न्यायालयाशी बोलून वॉरंट मागं घेण्याचा अर्ज करतो किंवा ठरवून हजर होण्याची व्यवस्था करतो. जामिनासाठी तिथं व्यावसायिक जामीनदार असतात, ते रकमेचा काही भाग फी म्हणून घेतात आणि ती फी परत येत नाही. घरच्यांनी पैसे पाठवण्याआधी हे समजून घ्यावं. गुन्हा कबूल करून मोकळं होण्याचा सल्ला मिळाला तर त्यानं एक प्रश्न विचारायचा : माझ्या व्हिसाचं काय होईल? कबुलीमुळे देशाबाहेर काढलं जाण्याचा धोका परदेशी अशिलाला सांगणं हे वकिलाचं कर्तव्य आहे, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली ‘पडिला’ खटल्यात ठरवलं आहे.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर माझ्या नावाचं, अशोकस्तंभ असलेलं वॉरंट आलं. व्हिडिओ कॉलवर गणवेशातले साहेब म्हणतात, कॅमेरा बंद करू नका, नाहीतर अटक. — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : फोन बंद करा. न्यायालयाकडून पोलीस ठाण्यात वॉरंट इलेक्ट्रॉनिक मार्गानं जाऊ शकतं, समन्सही तसं येऊ शकतं, पण व्हिडिओ कॉलवर अटक हा प्रकार कोणत्याच कायद्यात नाही. पैसे भरले असतील तर लगेच १९३० वर कळवा, बँक उघडायची वाट पाहू नका. भरले नसतील तर स्क्रीनचे फोटो घेऊन जवळच्या ठाण्यात जा. तिथल्या वॉरंटच्या वहीत तुमचं नाव आहे का, तेही त्याच फेरीत विचारून घ्या.