तराजूच्या आकाराची इमारत

नकाशावाचनाच्या तासाला आपण शिकतो की नकाशावरच्या प्रत्येक खुणेला अर्थ असतो. काही इमारतीही तशाच वाचता येतात. दिल्लीत टिळक मार्गावर असलेली सर्वोच्च न्यायालयाची इमारत त्यांपैकीच एक.

२८ जानेवारी १९५० रोजी न्यायालयाचे कामकाज सुरू झाले तेव्हा त्याला स्वतःची इमारत नव्हती. १९३७ पासून फेडरल कोर्ट संसद भवनातील नरेंद्र मंडळाच्या दालनात भरत असे. नवे न्यायालयही तिथेच बसू लागले. २९ ऑक्टोबर १९५४ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी कोनशिला बसवली आणि १९५८ मध्ये न्यायालय स्वतःच्या वास्तूत आले.

या वास्तूचे रचनाकार गणेश भिकाजी देवळालीकर. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाचे प्रमुख झालेले ते पहिले भारतीय. त्यांनी इमारतीला तराजूचा आकार दिला. मधला भाग म्हणजे तराजूची दांडी. तिच्या मध्यावर सरन्यायाधीशांचे न्यायदालन असून वर २७.६ मीटर उंचीचा घुमट आहे. दोन्ही बाजूंचे भाग म्हणजे दोन पारडी. उजव्या भागात वकिलांची खोली, सरकारी विधी अधिकाऱ्यांच्या कचेऱ्या व ग्रंथालय, तर डाव्या भागात न्यायालयाची कार्यालये अशी मूळ योजना होती.

आवारातील शिल्पेही पाहण्यासारखी आहेत. हिरवळीवर चिंतामणी कर यांचे २१० सेंटिमीटर उंचीचे काळसर ब्राँझ शिल्प आहे. त्यात भारतमाता एका बालकाला आसरा देते. ते बालक म्हणजे आपले तरुण प्रजासत्ताक. त्याच्या हातात उघडे पुस्तक असून त्यावर तराजू कोरला आहे. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी, संविधान दिनी, आवारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा वकिलाच्या पोशाखातील पुतळा उभा राहिला.

मला सर्वांत जास्त विचार करायला लावला तो न्यायाधीशांच्या ग्रंथालयात आलेल्या न्यायदेवतेच्या पुतळ्याने. तिच्या डोळ्यांवर पट्टी नाही. उजव्या हातात तराजू आहे, पण डाव्या हातात तलवारीऐवजी संविधान आहे.

आपल्याला संचलनातील तलवारीचा अभिमान वाटतो. मग ती न्यायदेवतेच्या हातातून का गेली, असा प्रश्न मला पडला. उत्तर लष्करी अधिकाऱ्याच्या शपथेत सापडले. तो निष्ठेची शपथ घेतो ती कोणा व्यक्तीशी नव्हे, भारताच्या संविधानाशी. म्हणजे शस्त्र सैनिकाच्या हाती असले, तरी ते कधी आणि कशासाठी उचलायचे हे कायदाच ठरवतो. उद्या आपल्या हाती तलवार येईल, तेव्हा हे पुस्तक आठवले पाहिजे.