मर्दानी खेळ : मिरवणुकीतून स्पर्धेकडे

शिवकालीन युद्धविद्येचा वारसा सांगणारे मर्दानी खेळ कोल्हापूर परिसरातील तालमींनी निष्ठेने जतन केले आहेत. लाठी, फरी-गदका, तलवार-ढाल, भाला, दोरी बांधलेला विटा आणि कोपरापर्यंत हात झाकणारा लवचीक पात्याचा दांडपट्टा, असा या विद्येचा विस्तार आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला. तथापि, शिवजयंतीची मिरवणूक संपल्यावर या खेळाडूंच्या पदरी कौतुकापलीकडे फारसे काही पडत नाही. शिष्यवृत्ती, क्रीडागुण, नोकरीतील आरक्षण हे लाभ मान्यताप्राप्त स्पर्धांतील कामगिरीशी निगडित असतात. म्हणून या खेळांना स्पर्धेचे रूप कसे देता येईल, याचा विचार अगत्याचा ठरतो.

इतर प्रांतांचा अनुभव

जून २०२२ मध्ये हरियाणातील पंचकुला येथे झालेल्या खेलो इंडिया युवा क्रीडा स्पर्धेत पंजाबचा गटका, केरळचे कलारीपयट्टू, मणिपूरचे थांग-ता, तसेच मल्लखांब व योगासने या पाच देशी प्रकारांना स्थान मिळाले. मर्दानी खेळांचा त्यांत समावेश नव्हता. गटक्याचे उदाहरण आपणांस विशेष जवळचे आहे. तेथेही सोटी आणि फरी हीच साधने असून, आपल्या फरी-गदक्याशी त्यांचे नाते उघड आहे. गटक्याने धारदार शस्त्र बाजूला ठेवून लाकडी सोटीवर लढत बेतली आणि केवळ सोटीची व फरी-सोटीची असे प्रकार निश्चित केले. त्यामुळे शालेय वयाच्या मुलामुलींनाही मैदानात उतरणे शक्य झाले.

आशियाई दाखला

इंडोनेशियातील पेन्चाक सिलाट ही युद्धकला १९८७ मध्ये आग्नेय आशियाई क्रीडा स्पर्धेत आणि २०१८ मध्ये जकार्ता-पालेमबांग येथील आशियाई स्पर्धेत समाविष्ट झाली. तिची रचना अभ्यसनीय आहे. प्रत्यक्ष लढतीत ठोसा, लाथ व प्रतिस्पर्ध्यास पाडणे यांना अनुक्रमे १, २ व ३ गुण मिळतात. एकेरी, दुहेरी व सांघिक सादरीकरणाचे प्रकार मात्र वेगळे ठेवलेले असून, शस्त्रांचे कौशल्य तेथे पाहिले जाते. अशा रीतीने लढत सुरक्षित राहते आणि शस्त्रविद्याही लोप पावत नाही.

आपल्यापुढील मार्ग

ही दुहेरी रचना मर्दानी खेळांनाही मानवण्यासारखी आहे. लाठी व फरी-गदका यांची गुणांवर आधारित लढत घेता येईल. दांडपट्टा, विटा यांसारखी शस्त्रे लढतीत वापरणे धोक्याचे असल्याने त्यांचे ठरावीक वेळेत सादरीकरण व्हावे. त्यासाठी प्रथम निरनिराळ्या तालमींतील डाव व पवित्रे यांची नावांसह नोंद केली पाहिजे. त्यानंतर साधनांची लांबी, संरक्षक साहित्य व वयोगट ठरवून पंचांना प्रशिक्षण द्यावे लागेल. ही नोंद न करता केवळ लढतीचा स्वीकार केल्यास लाठी तेवढी टिकेल आणि उरलेली विद्या वस्ताद मंडळींबरोबरच संपेल, हा धोका दृष्टीआड करून चालणार नाही.

हा मार्ग महाराष्ट्राला अपरिचित नाही. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी नावारूपास आणलेल्या मल्लखांबाने नियम व गुणपद्धती स्वीकारली आणि २०१९ मध्ये त्याची पहिली जागतिक स्पर्धा मुंबईत भरली.

शाळा व ग्रामसंस्थांचे कार्य

या कामी नवी मुंबईसारखे नवे शहरही उपयोगी पडू शकेल. वाशीच्या घाऊक बाजाराच्या निमित्ताने सातारा, सांगली, कोल्हापूरकडील अनेक माथाडी कुटुंबे कोपरखैरणे, घणसोली परिसरात स्थायिक झाली आहेत. गावाकडील वस्तादांशी त्यांचे संबंध असतात. तेथील शाळांनी सुटीत लाठीचे वर्ग घेतल्यास आणि गावोगावच्या पंचायतींनी आपल्या तालमीतील डावांची नोंद करून ठेवल्यास नियमावलीचा पाया घातला जाईल. शिक्षकांनी मुलींनाही आरंभापासून यात सामावून घ्यावे. विद्या जाणणारे वस्ताद आज आपल्यामध्ये आहेत, तोवरच हे काम सुकर आहे.