कमळाचे चार कागद

आमच्या चित्रकलावर्गांतील एका विद्यार्थ्यानें सोलापुरी चादरीसाठीं कमळ रेखाटलें, तेव्हां आम्हीं त्यास शाबासकी दिली. ती अंमळ घाईची ठरली. जकार्ड मागावरून नमुना विणून आला, तों कमळाच्या जागीं उभट कळी!

नक्षीच्या कागदावरील एक घर म्हणजे एका उभ्या व एका आडव्या धाग्याचा छेद होय. कागदावरील घरें चौरस असलीं तरी वीण तशी असतेच असें नाहीं. इंचांत उभे धागे ४० व आडवे ३० असल्यास १२० घरें रुंद व तितकेंच उंच फूल कापडावर ३ इंच रुंद, पण ४ इंच उंच होतें. उंची ९० घरें केली, तेव्हां फूल गोल झालें.

दुसऱ्या नमुन्यांत पाकळ्यांवरील धागे लांबवर मोकळे राहून नखांत अडकूं लागले. म्हणून तिसऱ्या कागदावर मध्यें मध्यें बांधणीचे ठिपके घातले. तर कडेशीं पडलेल्या ठिपक्यांनीं पाकळी दातेरी दिसूं लागली.

प्रत्येक चूक मागावर कळणें महाग पडतें. फ्रान्समधील ल्यों शहरच्या जोसेफ मारी जकार्डनें १८०४ च्या सुमारास पुढें आणलेल्या या यंत्रांत प्रत्येक आडव्या धाग्यास एक पुठ्ठा लागतो. भोंक असेल तेथें आकडा उभा धागा उचलतो. नक्षी बदलली कीं पुठ्ठे पुन्हां पाडावयाचे. यास्तव सलग रंगविलेलीं घरें कागदावरच मोजण्याची शिस्त आम्हीं आतां लावली आहे.

चौथ्या कागदावर ठिपके कडेपासून दोन घरें आंत सरकले. पराग अद्याप पुसट आहेत. विद्यार्थी कालच पांचवा कागद घेऊन गेला.