सिव्हिलला जा म्हणाले तर

"लेडी डॉक्टर नाहीत. पोलिसांचं पत्र आणा, नाहीतर सिव्हिल गाठा." ग्रामीण रुग्णालयाच्या खिडकीवर केसपेपर निघायच्या आतच हे ऐकलं. सोबत गावातली बावीस वर्षांची मुलगी, तिच्यावर बलात्कार झालेला, अंगावर कालचेच कपडे. शेवटची एसटी गेलेली. तिची आई म्हणाली, "ताई, चला घरी. आंघोळ करून झोपू दे तिला."

गटप्रवर्तक म्हणून हे मी पाहत आलेय. तोंडावर नाही कुणी म्हणत नाही, पुढं धाडतात. आणि पुढं जायला गाडी नसते.

मी कायदा ऐकवत बसले नाही. म्हटलं, "तपासणार नाही, एवढं लिहून सही द्या." सिस्टरांनी लगेच डॉक्टरांना फोन लावला.

सही द्यायला कुणी धजत नाही, कारण 2013 पासून सरकारी असो वा खासगी, प्रत्येक दवाखान्याला अशा बाईवर तातडीनं, मोफत उपचार करावेच लागतात. टाळले तर वर्षापर्यंत कैद होऊ शकते. 2024 मध्ये कलमांचे आकडे तेवढे बदलले. पोलिसांना कळवणं हे दवाखान्याचं काम. तक्रार द्यायची की नाही हे सज्ञान बाईचं ठरलं नसलं, तरी उपचार-तपासणी अडत नाही. लेडी डॉक्टर नसतील तर तिच्या संमतीनं पुरुष डॉक्टर तपासू शकतात, जवळ बाईमाणूस हवं. अठराच्या आतल्या मुलीला मात्र लेडी डॉक्टरच लागतात.

घाई कशाची, तर गोळ्यांची. एचआयव्ही टाळणारी औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी. गर्भ राहू नये म्हणूनची गोळीही तेव्हाच मागा. सिव्हिलला जायचंच असेल तर पहिला डोस इथं घेऊन जा.

आंघोळ झाली असली तरी जा. कपडे धुऊ नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत तर मुळीच कोंबू नका. ओल राहून कुजतात. सावलीत वाळवून कागदात गुंडाळा. तपासणीतल्या कुठल्याही गोष्टीला ती नको म्हणू शकते, उपचार त्यामुळं थांबत नाहीत. 'दोन बोटांची' तपासणी कुणी करू लागलं तर तिथंच अडवा. ती करणं म्हणजे गैरवर्तन, असं सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये बजावलंय.

अहवालाची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. एचआयव्हीच्या गोळ्या 28 दिवस चालतात. हातात थोड्याच पडल्या तर उरलेल्या कुठल्या एआरटी केंद्रात मिळतील ते केसपेपरवर लिहून घ्या. मळमळ होते, म्हणून बायका मधेच सोडतात. तेव्हा सोबतच्या माणसानं मागं लागावं.