उपाशी होती, तरी पोट भरलेलं कसं?

प्रश्न : आईला (वय 63) पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. पित्ताशयाच्या ऑपरेशनआधी रात्री आठनंतर तिने काहीच खाल्लं नाही. तरी सकाळी भूलतज्ज्ञांनी पोटाची सोनोग्राफी करून ऑपरेशन पुढे ढकललं. असं का?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : डॉक्टरांनी योग्यच केलं. हलक्या जेवणानंतर सहा तास, तळकट-तेलकट खाल्ल्यास आठ तास, साध्या पाण्यानंतर दोन तास हा हिशेब निरोगी जठरासाठी आहे. जुन्या मधुमेहात जठर हलवणारी व्हेगस नस काही जणांत दुबळी होते आणि रात्रीचा सावजी रस्सा सकाळीही तिथेच असतो. भूल दिल्यावर खोकल्याची प्रतिक्रिया थांबते. अन्न वर येऊन फुप्फुसात गेलं, तर जिवावर बेततं.

तपासणी पाच मिनिटांची. उजव्या कुशीवर झोपवून छातीच्या हाडाखाली प्रोब ठेवतात. रिकामं जठर चपटं दिसतं, पाणी काळं, घन अन्न धुरकट. वजनाच्या किलोमागे दीड मिलिलिटरपर्यंत पातळ द्रव चालतो, म्हणजे 60 किलोला 90 मिलिलिटर. घन अन्न दिसलं, तर तातडीचं नसलेलं ऑपरेशन थांबवणंच बरं.

पुढच्या वेळी दोन घासांत पोट भरणं, मळमळ, आदल्या दिवशीच्या अन्नाची उलटी यांपैकी काही होत असेल तर आधीच सांगा. सेमाग्लुटाइडसारखं इंजेक्शन सुरू असेल तर तेही; त्यानेही जठर मंदावतं. मात्र उपास मनाने लांबवू नका, साखर उतरेल. गोळ्या-इन्सुलिनचं वेळापत्रक भूलतज्ज्ञांकडून लिहूनच घ्या.