शेंगा मागवण्याआधी एवढं ऐक

इसेन्सची बाटली सोडून व्हॅनिलाचा अर्क घरीच करायचा आणि उन्हाळ्यात अहमदपुरातच आईस्क्रीमचे कप विकायचे, असं तुझं ठरतंय हे ऐकून मला फार बरं वाटलं बाई. पण शेंगा मागवायच्या आधी एक गोष्ट मनाशी पक्की कर. हे आईस्क्रीम खाणार कोण? अर्क कशात काढायचा हे त्यावरच ठरतं. चवीचं आपण मागून बोलू.

खऱ्या अर्काला मद्य लागतं. शेंगेतला सुगंध नुसत्या पाण्यात पुरता उतरत नाही, पाणी आणि अल्कोहोल दोन्ही असले की उतरतो. अमेरिकेत तर नियमच आहे. लिटरमागे साधारण 100 ग्रॅम शेंगा आणि किमान 35 टक्के अल्कोहोल असेल तरच बाटलीवर ‘व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट’ लिहिता येतं. आपल्याकडची व्होडका बहुतेक 42.8 टक्क्यांची असते, म्हणजे काम भागतं. 100 मिलिलिटरला 10 ग्रॅम शेंगा घ्यायच्या, साधारण तीन-चार.

आता तुझं सासर बघ. मामा माळकरी. आत्याबाईंच्या फडताळात व्होडकाची बाटली ठेवायची कल्पना तरी करवते का? कुणी तुला सांगेल, शिजवलं की दारू उडून जाते. आईस्क्रीमला ते लागू नाही गं. अर्क घालायचा तो मिश्रण गार झाल्यावर, मग उडणार कुठून? वाटीत अगदी थोडाच जातो आणि त्यानं कुणाला काही होत नाही, हेही खरं. पण ज्यानं गळ्यात माळ घातली त्याला थेंब काय आणि पेला काय, सारखंच. त्यांना न सांगता खाऊ घालू नकोस. एकदा कळलं तर तुझ्या हातच्या भाकरीवरचाही त्यांचा भरवसा उडेल, आणि तो परत मिळवायला वर्षं जातील.

म्हणून माझं ऐक. मद्यातला अर्क माझ्याकडे लातूरला मुरू दे. तुझे दाजी परवान्यावर व्होडकाची आणि रमची बाटली आणतील. तुझ्या घरी ग्लिसरीनमधला अर्क घाल. आणि मेडिकलमधलं स्पिरिट चुकूनही वापरू नकोस. जखम पुसायचं ते, त्यात काय काय विषारी मिसळलेलं असतं. स्वस्त पडतं म्हणून कुणी सुचवलं तरी सरळ नाही म्हण.

ग्लिसरीनसुद्धा खाण्याच्या दर्जाचंच हवं. बाटलीवर ‘वनस्पतिजन्य’ लिहिलंय का ते बघ, कारण ते प्राण्यांच्या चरबीपासूनही बनतं. तीन भाग ग्लिसरीन आणि एक भाग उकळून गार केलेलं पाणी एकत्र कर, शेंगा मधोमध उभ्या चिर, तुकडे करून त्यात बुडव. एकही तुकडा वर तरंगता कामा नये, वर राहिला की बुरशी धरते. आठवड्यातून एकदा बाटली हलव. आत्याबाई म्हणतील, लोणच्यासारखं माळवदावर ऊन दाखव. दाखवू नकोस. आपल्या वैशाखाच्या उन्हात सुगंध उतरायच्या ऐवजी बिघडतो. माळवदाच्या घरातली अंधारी थंड खोली यासाठी उत्तम, फ्रीजसुद्धा नको. मद्यातला अर्क दोन महिन्यांनी वापरण्याजोगा होतो, सहा महिन्यांनी खरा होतो. ग्लिसरीनमधला त्याहून सावकाश. म्हणजे पुढच्या चैत्रात विकायचं असेल तर दसऱ्याच्या आत बाटली भरलेली हवी.

शेंगा घेताना लुसलुशीत, तेलकट, लांबलचक अशा बघून भुलू नकोस. त्या ‘ए’ प्रतीच्या, त्यात पाणी जास्त असतं. अर्काला कोरड्या, थोड्या आखूड ‘बी’ प्रतीच्या चांगल्या, आणि स्वस्तही. शेंगेवर पांढरे बारीक सुईसारखे स्फटिक दिसले तर फेकू नकोस, ते व्हॅनिलिन बाहेर आलेलं असतं. मात्र पांढरं मऊ केसाळ असेल, कुबट वास येत असेल, तर ती बुरशी.

महाग का, असं तू विचारशीलच. व्हॅनिलाचं फूल एक सकाळ उमलतं. त्या अवधीत माणसानं हातात काडी घेऊन परागण केलं तर शेंग धरते, नाहीतर फूल गळून पडतं. ही रीत 1841 मध्ये रियुनियन बेटावर एडमंड अल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम पोरानं शोधली आणि आजही मळ्यांतून तीच चालते. शेंग वेलीवर आठ-नऊ महिने पिकते, आणि तोडली तेव्हा तिला वास नसतो! गरम पाण्यात बुडवून, गुंडाळून घाम आणून, कित्येक आठवडे वाळवून सुगंध जागा करावा लागतो. आपल्याकडे केरळ-कर्नाटकातले शेतकरी हे करतात. साधारण 2003 च्या सुमारास भाव आकाशाला भिडला म्हणून कितीकांनी वेल लावला, आणि दोन-तीन वर्षांत भाव असा कोसळला की लोकांनी वेल उपटून टाकले. त्यांना आधार व्हावा म्हणून म्हणते, भारतीय शेंग मिळाली तर तीच घे. जात मादागास्करच्या शेंगेचीच आहे. ताहितीची शेंग मात्र वेगळी, तिला फुलांचा, बडीशेपेच्या अंगानं जाणारा वास असतो.

आणि अर्क काढून झालेल्या शेंगा टाकू नकोस हं. कोरड्या करून साखरेबरोबर मिक्सरला फिरव, ती साखर मुलांच्या दुधात घालायला होते.

आता चव. इथे माझं एकच सांगणं आहे, बाटलीला नाक लावून ठरवू नकोस. बाटलीतून पहिला येतो तो मद्याचा भपका, आणि ग्लिसरीनला तर वासच जाणवत नाही. निकाल आईस्क्रीममध्येच लागतो. थंडीनं जीभ बधिर होते, साय सुगंध धरून ठेवते आणि तोंडात वितळताना सोडते. खिरीत जो अर्क भरपूर वाटतो तो आईस्क्रीममध्ये पुसट होतो.

तर असं कर. एक लिटर म्हशीचं दूध, 400 मिलिलिटर पाकिटातली 25 टक्क्यांची क्रीम, 240 ग्रॅम साखर, दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर. यात दुधाची स्निग्धता साधारण 10 टक्क्यांवर येते, आणि साधं ‘आईस्क्रीम’ म्हणून विकायला तेवढी लागतेच. दूध आटवू नकोस, आटवलं की बासुंदीची चव येते आणि व्हॅनिला मागे पडतो. वेलदोडा, खवा, केशर काही नको. पाचवा भाग आधीच बाजूला काढून त्यात अर्धी शेंग चिरून उकळी आण, झाकून मुरू दे. उरलेलं शिजवून गार झालं की चार भाग कर. एकात व्होडकाचा अर्क, एकात रमचा, एकात ग्लिसरीनचा, आणि एकात दुकानातला इसेन्स, त्याच्या बाटलीवर दिलं असेल तेवढा. घरच्या अर्कांचं माप सारखं ठेव, पाऊण चहाचा चमचा. नावाच्या चिठ्ठ्या डब्यांच्या तळाला लाव. अर्धवट गोठल्यावर दोनदा फेटून घे. वीज जाते तेव्हा फ्रीझर उघडू नकोस, वितळून पुन्हा गोठलं की बर्फाचे खडे होतात आणि चव कळत नाही.

खाताना पाच मिनिटं बाहेर ठेव. मध्ये कोमट पाणी आणि चार मुरमुरे. ग्लिसरीनपासून सुरुवात कर, इसेन्स शेवटी, नाहीतर तोच जिभेवर बसून राहतो. घरच्यांना नावं सांगू नकोस. ज्यांना मद्य चालत नाही त्यांना मात्र बाकीचे तीनच डबे दे आणि तसं सांगूनच दे.

मला काय जाणवलं ते सांगते. इसेन्स पहिल्या घासाला जोरात येतो आणि गिळायच्या आत संपतो. त्यात मुख्यतः एकटं व्हॅनिलिन असतं, कारखान्यातलं. शेंगेत दोनशेच्या वर सुगंधी द्रव्यं असतात. नुसतं लाल तिखट आणि आपलं येसर, एवढा फरक आहे त्यात. इसेन्स वाईट नाही, पण एकसुरी आहे. व्होडकातला अर्क उशिरा येतो, घास वितळताना, आणि स्वच्छ येतो. रम उसाच्या मळीची, तिचा गुळासारखा गडद स्वाद व्हॅनिलाच्या हातात हात घालून येतो. मला तोच सगळ्यांत आवडला, पण त्याला निखळ व्हॅनिला म्हणता येणार नाही. दुधात मुरवलेली शेंग सगळ्यांत भरदार, काळे ठिपके दिसतात, पण शेंगा खूप खाते. मद्यात त्याच तीन-चार शेंगांवर आठ-दहा लिटर मिश्रण निघतं, दुधात तेवढ्या शेंगा दोन-अडीच लिटरला संपतात. ग्लिसरीनमधला अर्क मऊ, किंचित गोड, सौम्य. दीडपट घातला की बरोबरीला येतो.

म्हणून विकायच्या कपांसाठी तू ग्लिसरीनच धर. अहमदपुरात माळकरी आहेत, लिंगायत घरं आहेत, मुसलमान शेजारी आहेत, माहेरपणाला आलेल्या लेकी आहेत. कुणालाही विचारात पडावं लागू नये असा कप कर. साखर थोडी कमी कर, कारण ग्लिसरीन गोडवा आणतं आणि आईस्क्रीम मऊही ठेवतं. अन्न सुरक्षेची नोंदणी आधी काढ. कपावर काय काय घातलंय ते लिही, ग्लिसरीनसकट. रमचा डबा घरच्या आवडीचा, तो माझ्याकडे आलीस की देईन, आणि बाटल्या भरायच्या आदल्या दिवशी फोन कर, शेंगांचं वजन आपण मिळून काढू.